रंगूकाकीची पाठ

१२ नोव्हेंबर १९९९, उमरठ

पोचले एकदाची! पोलादपूरहून मुनाफभाईंच्या जीपमध्ये मागे कोंड्याची पोती, पोत्यांवर मी आणि मांडीवर माझा ड्रॉइंग बोर्ड. शीटचा लांब डबा बघून शेजारच्या आजोबांनी विचारलं, बंदूक आहे का? मी हो म्हणून टाकलं. उतरेपर्यंत बिचारे अंग चोरून बसले होते.

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीतही सुट्टी नसते. एखादं गावाकडचं घर टेपने मोजायचं आणि त्याच्या शीट काढून न्यायच्या, असा सरांचा हुकूम. बाबांच्या ऑफिसातले सयाजीकाका म्हणाले, आमच्याच घरी जा, आईबाबा खूश होतील. त्यांचे बाबा सोनबाकाका (सगळं गाव काका-काकीच म्हणतं, म्हणून मीही) मोजकं बोलणारे. आई रंगूकाकी मात्र दोघांचंही बोलून घेते. तांदळाची भाकरी आणि सुकट इतकी वाढली की ही डोंबिवलीची पूजा आता परत जाईल असं वाटत नाही.

१३ नोव्हेंबर

दिवसभर मोजणी. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. टेपचं दुसरं टोक रंगूकाकीच्या हातात. ती एका जागी थांबेल तर शपथ! मध्येच टेप टाकून कोंबड्या हाकलायला जाते.

सेक्शन म्हणजे घर उभं कापल्यासारखं चित्र. त्यात माणूस दाखवला नाही तर सर मार्क देत नाहीत, कारण माणसाशिवाय घराची उंची कळत नाही. बाकीची मुलं पुस्तकातला माणूस छापतात. मी पडले शहाणी. काकीला भिंतीला टेकवून टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावली. तिला हसू आवरेना. ओटीवरच्या भुऱ्या कुत्र्यालाही शेपटीसकट मोजलं.

सोनबाकाका तेवढ्यात शेतावरून आले आणि भडकलेच. म्हणाले, "जित्या मानसाचं माप घेत नाय गो. माप मेल्याचं घेतात, तिरडीसाठी." त्यांनी स्वतःला टेप लावू दिली नाही. काकी म्हणाली, ह्यांच्याकडे लक्ष देऊ नको, ह्यांना सगळ्याचंच भ्या.

१५ नोव्हेंबर

सेक्शन शाईत पुरा केला. काय झकास झालाय! भुऱ्या ओटीवर झोपलेला. काकी स्वयंपाकघरात, फळीवरचा डबा काढताना, एक हात वर. पाठमोरी काढली, कारण चेहरे मला जमत नाहीत. माझे चेहरे सगळे बटाट्याचे भाऊबंद, असं सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले होते. पाठ मात्र हुबेहूब आलीय, अंबाड्यासकट. काका-काकी भाताच्या झोडणीवरून यायच्या आत शीट गुंडाळून ठेवली. उद्या दाखवीन.

१६ नोव्हेंबर

सकाळी चहा नाही. काकी फळीपाशी उभी, हात डब्याकडे. म्हणाली, हात खाली येत नाय, पाय उचलत नाय. काकांना वाटलं, उसण भरली. त्यांनी तेल चोळलं. मीही चोळलं. ती हसत होती, म्हणत होती की म्हातारपणाचे चोचले आहेत सगळे, होईल बरं.

दुपारीही तशीच. भुऱ्याला भाकरी टाकली, तो उठला नाही.

शीट दाखवायची राहिली. उघडायची हिंमत होत नाही.

१७ नोव्हेंबर

महाडला दवाखान्यात न्यायचं म्हणून मुनाफभाई जीप घेऊन आले. ते आणि काका, दोघांनी मिळून काकीला उचलायला बघितलं. ती हलली नाही. भिंत हलवावी तसं. मुनाफभाईंचं तोंड उतरलं. चुना, मातीचा वास, काकीचं कण्हणं, मला तिथे उभं राहवेना.

पाणी पाजावं म्हणून भिंत आणि काकी यांच्या फटीत मी डोकं घातलं.

तिथेही पाठ. तिथेही अंबाडा. पुढून बघितलं तरी पाठच. आवाज मात्र तिचा, आतून कुठून तरी. "पाणी दे गो बाय," म्हणाली. पाजू कुठे?

मग शीट उघडली. तोच हात, तीच बोटं, पदराची तीच चुणी. मीच काढलेली.

खात्री करायची होती. ब्लेडने शीटवरचा भुऱ्या खरवडला. बाहेर गेले. ओटीवर भुऱ्या नाही. जिथे झोपला होता तेवढ्याच जागेतलं सारवण खरवडून निघालंय. केस नाही, रक्त नाही. मुकं जनावर. मी मारलं त्याला.

म्हणजे काकीला खोडता येणार नाही. शीट फाडताही येणार नाही.

मुनाफभाई म्हणाले, पोरी चल, तुला पोलादपूरला सोडतो, इथे थांबू नको. नाही गेले. कशी जाऊ?

१८ नोव्हेंबर

सोनबाकाकांना सगळं सांगितलं. शिव्या देतील, दोन थोबाडीत देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, तूच बांधलीस, आता तूच सोडव.

काकीचा आवाज बसलाय. पाय सुजलेत. मधूनमधून एवढंच, "हात खाली घे गो माझा."

एकच उपाय सुचतो. कोरी शीट एक उरलीय. तेच स्वयंपाकघर, त्यात काकी परत काढायची. पाटावर बसलेली, हात मांडीवर. समोरून. पाणी प्यायला तोंड हवं.

म्हणजे चेहरा काढायला हवा. मला.

१९ नोव्हेंबर, सकाळ

वर्तमानपत्राच्या कडेला चेहरेच चेहरे काढतेय. सगळे बटाटे. काकांनी त्यांचा लग्नातला फोटो आणून समोर ठेवला. त्यात काकी सोळा-सतराची, डोळे खाली. त्याचा काय उपयोग—

आठवत नाही गं काकी, तुझं नाक कसं होतं. इतके दिवस समोर होतीस आणि मी भिंती मोजत बसले.

आता तिचं कण्हणंही थांबलंय. काका म्हणाले, कसापन काढ, पन काढ.

दुपार

शाई केली. अंग, हात, पाट चांगले आलेत. जुन्या शीटवरची काकी पुसट होत गेली, मी हात न लावता. स्वयंपाकघरातून पाट सरकल्याचा आवाज आला. काका ओरडले, बसली, बसली! हात खाली आला! ते रडतायत. मीपण—

लगेच

ती वळली. डोळे वर-खाली. मी काढलेलेच. तोंड म्हणजे मी मारलेली एक आडवी रेघ. काका पाण्याचा तांब्या लावतायत, रेघ उघडत नाही. पाणी गळ्यावरून ओघळतंय. आणि नाक— नाकाची मी नुसती एक उभी रेघ काढली. भोकं काढली नाहीत. राहूनच गेली—

छाती वरखाली होतेय. श्वास जायला वाटच नाही. मुठी आवळल्यात, पाटावर आपटतेय

नाकपुड्या काढतेय. दोन ठिपके, बास. शीटवर पेन चालत नाही. झटकलं. निब पुसलं. परत नाही

इथे वहीत चालतंय का बघते

चालतंय. इथे चालतंय शाई, अक्षरं उमटतायत. शीटवर टेकवलं की कोरडं. इथे ठिपका . . . इथे येतो, तिथे

काका म्हणतायत लवकर कर गो पोरी, ती माझ्याकडे बघतेय, त्या डोळ्यांनी, काकी थांब, थांब जरा, काढते, परत टेकवते, आता नक्की