नसलेला चुरा

पुणे, ४ जानेवारी २०२५

ती. बाबांस सा. जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता, म्हणून हा कागद. बाबा, आमचं टेबल उभं राहिलं! तुमच्या ड्रॉइंग बोर्डासारखं तिरपं, आणि अख्खा पृष्ठभाग म्हणजेच संगणक. लिहून ठेवा, दहा वर्षांत नकाशा काढणारा कुणीही खुर्चीत कुबड काढून बसणार नाही. २० फेब्रुवारीला परीक्षकांनी पसंत केलं तर कारखाना ते बनवणार, नाहीतर आमची दोन वर्षं पाण्यात. त्याआधी तुमचा हात त्यावरून फिरायला हवा. पाटबंधाऱ्यांचे नकाशे तीस वर्षं काढलेला माणूस मी दुसरा कुठून आणू? लगेच निघा.

लोभ आहेच, सोबत आईच्या हातचे पापडही असू द्यावेत.

तुमची साधना

पुसद, २ फेब्रुवारी २०२५

चि. साधनास जयभीम व अ. उ. आ.

सुखरूप पोचलो, पण मन तिथेच अडकलंय. तुमच्या टेबलावर चुकलेली रेघ खोडली आणि सवयीने खोडरबराचा चुरा हाताने झटकला. चुरा कुठला! अख्खा नकाशाच पुसला गेला. तू हसलीस, पण तुझ्या सोबत्यांचे चेहरे मी पाहिले. फार लाज वाटली. तुझी आई म्हणते, काहून एवढं मनाले लावून घेता, काम करते त्याचाच हात चुकते.

तरी पोरी, आनंद काय सांगू! डोळ्यांपायी सात वर्षं बोर्डाला शिवलो नव्हतो. तिथे बोटांनी ताणली तशी रेघ बोटाएवढी जाड झाली आणि मला दिसली. आता माझंही भाकीत लिहून घे: उद्याचं टेबल माणसाच्या जुन्या सवयी ओळखेल. परीक्षेला मात्र मला बोलवू नकोस, हात पुन्हा फिरायचा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा, भीमराज

पुणे, २१ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस सा. जयभीम.

पसंत! पसंत! पसंत!

तुमचं पत्र वाचून माझ्या मैत्रिणीने, आरिफाने, आठ दिवस खपून टेबलाला तुमचा झटका शिकवला. काल पिकल्या केसांच्या परीक्षकबाईंनी भिंत ओढली, खोडली आणि बाबा, अगदी तुमच्यासारखा हात झटकला! माझा जीव टांगणीला. पण खोडलेल्या रेघेची पुसट खूण तेवढी गेली, नकाशा जागच्या जागी. बाईंनी मुद्दाम पुन्हा झटकून पाहिलं, हसल्या आणि विचारलं, की हे सुचलं कुणाला. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पहिलं टेबल पुसदला येतंय. खिडकीपाशी जागा करून ठेवा, आणि हात खुशाल झटका.

आहे तो लोभ दुप्पट करावा.

तुमची साधना