हात गेला तिथे ऊन होतं

१२ जून

ती. बाबांस,
दुरून, पण वाकून सा. न. वि. वि.

तुम्ही पडलात हे शेजारच्या मावशींकडून कळावं, हा राग अजून गेलेला नाही. मनगटच तर लचकलंय म्हणून तुम्ही फोनवर हसलात. मागच्याच महिन्यात येऊन मी टेबल, खुर्ची, कपाट सगळं भिंतीला सारून खोली मोकळी करून गेले, आणि तुम्ही त्या मोकळ्या खोलीतच पडलात! आता हट्ट पुरे. इथली मागची खोली रंगवून घेतली आहे. महिनाअखेर न्यायला येते. तुमचे जावई म्हणतात, खिडकीशी झाड आहे, तुमच्या तोंडच्या कविता ऐकायला हक्काचा श्रोता.

रागावली तरी तुमचीच,
चिऊ

१७ जून

चि. चिऊस अ. उ. आ.

झाडाला माझा नमस्कार सांग. दुपारी डुलकी लागली की शाळेतल्या कविता पाखरांसारख्या खोलीत उतरतात. त्या दिवशी त्यांच्यातच तरंगत उठलो, टेबलावर हात टेकायला गेलो, तर तिथे नुसतं ऊन होतं.

काल म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या बाई आल्या. नेहमीसारखं चाला म्हणाल्या आणि मागे मागे फिरल्या. मग टेबलाच्या कडेचं झिजलेलं पॉलिश दाखवलं. अगं, इतकी वर्षं मी चालत नव्हतोच, टेबलाकडून खुर्चीकडे, खुर्चीकडून कपाटाकडे हात बदलत होतो! तुझी आई चिडवायची, खोली ओलांडताय की नदी? बाईंनी सामान जागच्या जागी आणून पक्कं बसवून दिलं, बाथरूममध्ये धरायला दांडी लावली.

तुला लागेल म्हणून हे लिहिणार नव्हतो. पण न लिहावं तर घर सुटतं. तुझी खोली सुरेखच असेल गं, पण तिथे अर्धवट झोपेत मी हात कुठे टाकू?

लोभ आहेच, थोडा भरवसाही असू दे.
तुझा बाबा

२२ जून

ती. बाबांस सा. न.

म्हणजे मीच पाडलं तुम्हाला. पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात रडत बसले. हे म्हणाले, फोन कर. पण तुम्ही लिहिलंत, म्हणून मीही लिहिते.

महिनाअखेर येईन, न्यायला नाही, राहायला. काही आवरणार नाही, शपथ. दुपारी डोळे मिटून तुमच्या मागून चालेन. कुठे हात टाकायचा, तेवढं मला शिकवा.

पाडूनही तुमचीच,
चिऊ