रिकाम्या तारेतली लाट

सर, तुम्ही गेल्याला इतकी वर्षे झाली, पण तुमच्या अकोल्याच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताना व्हायची तीच धडधड आज सकाळपासून छातीत आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचे काम समोरच्या पडद्यावर आहे. आम्ही संगणकात एक रेणू हलता ठेवतो. त्याचे अणू सारखे थरथरतात आणि खरी हालचाल त्यात बुडून जाते. म्हणून जलद कंप गाळून संथ चाल तेवढी ठेवायची. तिने गाळले, तर रेणूचे तोंड, म्हणजे त्याच्या कडेची खाच, सावकाश उघडताना-मिटताना दिसले. तिची डॉक्टरेट या एका हालचालीवर उभी आहे. पोरगी हरखून गेली आहे, घरी कळवूनही बसली आहे.

मीही अशीच कळवून बसले होते. साठचे दशक सरत आलेले. कापसाचा हंगाम आहे, शेजारचा सरकी काढायचा जिनिंग कारखाना दिवसभर घरघरतो आणि तारेतला विजेचा प्रवाह दाखवणारा गॅल्व्हानोमीटरचा उजेडाचा ठिपका पट्टीवर नुसता नाचतो. मी वैतागून लागोपाठच्या नोंदींची सरासरी काढत जाते, तर आलेखावर देखणी लाट उमटते. तारेतला प्रवाह लयीत कमीजास्त होतो, हा माझा शोध! त्या भरात अमरावतीला बाबांना सांगून टाकते, स्थळे बघू नका, मला संशोधन करायचे आहे. तुम्ही आलेख पाहता, पण हसत नाही.

“आता करंट बंद कर. अन् हेच सारं पुन्हा कर.”

“करंटच नसला तर मोजायचं काय, सर?”

“थेच तं पाह्यचं हाय.”

ठिपका जिनिंगच्या धक्क्यांनी नाचतच होता. मी सरासरी काढली आणि तशीच लाट आली, पहिलीहून देखणी.

“तारेत तं काईच नोयतं. मंग हे लाट आली कुठून? तुह्या सरासरीच्या चाळणीतून! लोक नाचता येईना तं अंगण वाकडं म्हनतात, तू तं वाकड्या अंगणालेच नाच म्हनून राह्यली!”

मी रडले. तुमच्या घरी काकूंनी भाकरी वाढली, तरी डोक्यात एकच: बाबांना काय तोंड दाखवू? पुढच्या रविवारी तुम्हीच माझ्याबरोबर निघालात, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला आलात. बाबा बैठकीत ताठ बसलेले. “पोरगी चुकली,” तुम्ही म्हणालात, “पन चूक सापडली थे तिनंच मोजून. तिले शिकू द्या.” बाबांनी चहा मागवला.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या कामातही रेणूच्या जागी नुसती दिशाहीन थरथर घालून तीच गाळणी लावायची. तोंड तरीही उघडले, तर ते गाळणीचे. सगळे तयार आहे. लाट खोटी निघाली, तर तिच्या घरी जाऊन तुमच्यासारखे बोलणे मला जमेल की नाही, ठाऊक नाही. सर, बटण मी अजून दाबलेले नाही.