लोणच्याच्या बरणीतला तुकडा

वलगाव, बुधवार

आदरणीय वामनराव भाऊजींना कुंदनचा सविनय जयभीम.

तुमची शुगर आणि ताईचे गुडघे ताब्यात असतील, असे धरून चालतो. इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे गाठ सोडून. (फोनच केला असता, पण तुमचा फोन ताई उचलते आणि ताईला कळले की अख्ख्या वलगावला कळते.)

मानेवरची गाठ सोमवारी अमरावतीला काढली. भावनाला सांगितले नाही; मूर्तिजापूरला लग्न आहे म्हणालो. (पट्टीवर मफलर गुंडाळला. मे महिन्यात मफलर कशाला, एवढेही तिने विचारले नाही. भोळी आहे बिचारी.) गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून सिस्टरने माझ्याच हातात दिला, अकोल्याच्या लॅबमध्ये पोचवा म्हणाली. त्या औषधात मांस नासत नाही म्हणतात, पण वासाने डोळ्यांना धार लागते. (मी रडलो नाही.) घरी येईपर्यंत झाकण गळून डॉक्टरांची चिठ्ठी भिजली, शाई पसरली. मग भावनाच्या बचतगटाच्या लोणच्याची एक रिकामी बरणी हळूच उचलली, औषधासकट तुकडा तीत ओतला आणि काल ती मांडीवर धरून बसने अकोल्याला गेलो. लॅबमधली पायल मॅडम म्हणाली, "औषध तुकड्याच्या दहापट पायजे काका, हे तं काहीच नाही," आणि तिने वरून भरले. मग लेबलाकडे बघून, "नाव हेच लिवू?" मी घाईघाईत मान हलवली. घरी येऊन पावती वाचली, तर पेशंट भावना आणि मोबाइल नंबरही तिचाच, लेबलावर छापलेला! पुढच्या गुरुवारी रिपोर्ट त्याच नंबरवर जाणार.

भाऊजी, खरे सांगतो, जेवण जात नाही. वाईट निघाले तर तिला कसे सांगावे, हेच अजून ठरलेले नाही.

आपला,
कुंदन

ता. क. पत्र तुमच्या तब्येतीसाठीच लिहिले. तुम्ही अकोल्यातच असता, तेव्हा सहज जमलेच, तर लॅबमध्ये जाऊन तिचा नंबर काढून तुमचा टाकावा.

आणखी ता. क. भाऊजी, मी भावना. पत्र पोस्टात टाकाले माह्याच हाती देल्लं, अन् पाकीट उघडं. पट्टी मले सोमवारीच दिसली होती. हे सांगतीन म्हणून वाट पायली. नंबर बदलू नका. गुरुवारी ताईले घेऊन इकडेच या. रिपोर्ट मी वाचीन, तुमी ह्यायच्याजवळ बसा. अन् बरणी कोरडी पुसून घेतली होती का, तेवढं ह्यायले तुमीच विचारा. मले विचारवत नाही.