त्या नावाचं इथे कुणी राहत नाही

अण्णा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. काल भाचा, तुमचा नातू, आला होता. जेवता जेवता त्यानं विचारलं, आत्या, तुला नेमकं काय झालं होतं? टॉन्सिल कधी काढले, असं विचारावं तितक्या सहज. त्याच्या ऑफिसात म्हणे दर आठवड्याला सगळे गोल करून बसतात आणि कुणाला झोप लागत नाही, कुणाला भीती वाटते, ते मोकळेपणानं बोलतात. ‘यू शुड ट्राय, आत्या,’ म्हणाला. मी त्याला आणखी एक पोळी वाढली. तो जन्मलाही नव्हता तेव्हा मी अशी गोल करून बसत होते आणि तिथून मला उठवून आणलं ते त्याच्या बापाच्या लग्नासाठी, हे त्याला कसं सांगणार? म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही ऐकून घ्याल, कारण आता तुम्हाला उठून जाता येत नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. दोनदा दवाखान्यात राहून झालं होतं. नळ सोडला की शेजारच्या बायका पाण्यातून माझ्याबद्दल बोलतात असं मला ऐकू यायचं, आणि गोळ्यांनी ते थांबलं तरी मी नळाजवळ जात नव्हते. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, हिला माणसांत बसवा. सुलतान बाजारात कापडाच्या एका दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्यासारखी आठ-नऊ माणसं जमायची. एक निवृत्त नर्सबाई सगळं बघायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी फॉर्म पुढे केला आणि तुम्ही पेन काढलंत. तुम्ही गणिताचे मास्तर. ‘मी आयुष्यात खोटं बोललो नाही’ हे तुमचं पालुपद सगळ्या विद्यानगरला पाठ. त्या पेनानं तुम्ही माझ्या नावाच्या जागी दुसरंच नाव लिहिलंत, आडनावही दुसरं. जिना उतरताना म्हणालात, इथे आपली निम्मी माणसं खरेदीला येतात, उद्या तुझं कुठे जमायचं झालं तर? तुमच्या हिशेबात ते खोटं नव्हतं, खबरदारी होती.

खरं सांगायचं तर सुरुवातीला तुम्ही चांगले वागलात. मला एकटीला बसमध्ये बसवायचा धीर नव्हता म्हणून तुम्ही बरोबर यायचात, दोन दोन तास जिन्यावर पेपर वाचत बसायचात, आणि परतताना मोसंबीचा रस पाजायचात. गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून मनगटी घड्याळ आणलंत. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर रागावणं सोपं गेलं असतं.

आत काय चालायचं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आम्ही जाजमावर बसायचो आणि ज्यानं त्यानं आपल्या गोळ्यांचं पाकीट मधोमध ठेवायचं. कुणाच्या पाकिटात जास्त गोळ्या उरलेल्या दिसल्या तर कुणी रागवायचं नाही, एवढंच विचारायचं, कायकू नै खाए? मग तो माणूस सांगायचा आणि बाकीचे ऐकायचे. नर्सबाईंनी प्रत्येकाला एक जोडीदार दिला होता. माझी जोडीदार म्हणजे साड्यांना फॉल लावून देणारी एक मुसलमान बाई, चाळिशीची. सगळे तिला आपा म्हणायचे. तिला मेलेला सासरा दिवसभर टाकून बोलायचा. आम्ही दोघींनी चालत अफझलगंजला जाऊन दोऱ्याची रिळं आणायची, हा आमचा व्यायाम. पहिल्यांदा त्या गर्दीत माझे पाय थिजले. आपानं हात धरला नाही, धीरबीर दिला नाही. म्हणाली, ‘डर लग रा? लगने दो. चलते रहो.’ मी चालत राहिले. पुढे महिन्याभरानं मी तुम्हाला जिन्यावर बसायला येऊ नका म्हणून सांगितलं, आठवतं? तुमचा चेहरा पडला होता.

आणखी एक नियम होता. कुणी लागोपाठ दोनदा आलं नाही, तर दोघांनी त्याच्या घरी जायचं. बँकेतला एक तेलुगू कारकून असा यायचा बंद झाला तेव्हा आपा आणि मी गेलो. त्याच्या आईनं ताक दिलं. तो पलंग आणि भिंत यांच्या सांदीत बसला होता, उठेना. आम्ही काही समजावलं नाही, तासभर तिथेच फरशीवर बसून आपसांत बोलत राहिलो. पुढच्या शुक्रवारी गडी दाढी करून हजर. त्या दिवशी मला वाटलं की माझा कुणाला तरी उपयोग आहे. घरी येऊन मी नळ सोडला आणि भांडी घासली. तुम्ही म्हणालात, औषध लागू पडलं.

त्या दुसऱ्या नावाची मला सवय झाली होती. मोकळं सांगते, आवडायला लागलं होतं. माझ्या नावाची मुलगी डोकं फिरलेली होती आणि त्या नावाची बाई अफझलगंजला जाऊन येत होती. म्हणून मी आपाला घराचा खरा पत्ता सांगितला, गल्ली सांगितली, खरं नाव मात्र सांगितलं नाही.

मग भावाला कॉम्प्युटरची नोकरी लागली. तेव्हा शहरात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका. त्याला पुण्याचं स्थळ चालून आलं. आई स्वयंपाकघरात चिवडा परतत होती, तुम्ही पाटावर बसून शेंगदाणे निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘लग्न होईपर्यंत तिकडे जाऊ नकोस. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.’ मी विचारलं, गोळ्या? म्हणालात, मी देत जाईन. दिल्यातही, वेळेवर, घड्याळ बघून. त्या मी गालात धरून मोरीत थुंकत होते. तुमच्यापासून लपवणं सोपं होतं, तुम्ही रिकामी वाटी बघायचात. आपानं तोंड बघितलं असतं.

मी दोनदा गेले नाही आणि ते आले. पुण्याची मंडळी संध्याकाळी पोचणार होती. भर दुपारी दारात आपा आणि तो कारकून उभे. आपानं ते नाव घेतलं आणि म्हणाली, दो बैठकां में नै आई बोलके आए हम. तुम्ही सांगितलंत, ‘इस नाम के यहाँ कोई नै रहते.’ बघा, शब्दाला शब्द खरं. खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून तुम्ही दीड वर्ष आधी पेन काढलं होतंत. वर तुमची रीत अशी, की दारातून कुणी तहानलेलं जाऊ नये. तुम्ही त्यांना पाणी दिलंत. पाणी पिऊन आपा म्हणाली, ‘कहीं दिखी तो बोलना भाईसाब, आपा आई थी.’ आणि तुम्ही ‘हौ’ म्हणालात. तो निरोप तुम्ही मला कधी दिला नाहीत.

लग्न झालं तेव्हा मी मावशीकडे नांदेडला होते, असं वहिनीला सांगितलं गेलं. मी दवाखान्यात होते. दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली, कधी दवाखान्यात, कधी घरी. मधे एकदा अंगात बळ आलं तेव्हा एकटीच सुलतान बाजारात गेले. वर साड्यांचं गोदाम झालं होतं आणि ती माणसं कुठे गेली ते दुकानदाराला माहीत नव्हतं. तिथून येऊन मी वहिनीदेखत तुम्हाला नाही नाही ते बोलले. माझं आयुष्य तुम्ही दारातून परत पाठवलंत, असंही म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. आता मी बरी आहे, गोळ्या घेते, बाजारहाट करते, पण मंगळवार आला की कुठे जावं ते कळत नाही.

हे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी धोका नाही, भाच्याला मराठी वाचता येत नाही. तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते, जी तुम्ही त्या भांडणातही काढली नाहीत. त्या दुपारी मला कुणी कोंडलं नव्हतं. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं आणि मी फटीतून बघत होते. गोळ्यांनी आपाचा हात थरथरत होता, पाणी तिच्या हनुवटीवरून अंगावर सांडत होतं, आणि समोरच्या गच्चीवरून शेजारीण वाकून बघत होती. मला आपाची लाज वाटली. तुम्ही रिकामे पेले घेऊन आत आलात तेव्हा मीच हळूच विचारलं होतं, ‘गेले का एकदाचे?’