खिडकीमागची घंटा

गुरुवार, १९ नोव्हेंबर
दुपार, संकलनाची खोली

प्रिय बंधुराज,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक. पाठ दुखते, पण ती वीस वर्षं दुखतेच आहे. तिची विचारपूस पुढच्या पत्रात केली नाहीस तरी चालेल.

तुझं चार पानी पत्र पोचलं. त्यात ‘आपल्या फिल्मचं यश’ हे शब्द अकरा वेळा आले आहेत, मी मोजले. यश कसलं रे? नर्सबाई आज नवव्या दिवशीही आत आहेत. कोठडीतून इस्पितळात आणलेल्या माणसांच्या अंगावरचे वळ त्यांनी जसे होते तसे नोंदवहीत लिहिले, ‘पडून लागले’ असं लिहायला साफ नकार दिला, एवढाच त्यांचा अपराध. आणि तू सत्काराची तारीख कळवतोस!

फिल्मने काहीच केलं नाही, असं मी म्हणत नाही. ‘अशी कोणी बाई आमच्या ताब्यात नाही,’ हे पालुपद पोलिसांनी दोन दिवस लावलं. पण नर्सबाईंचा चेहरा तोवर घरोघरी पोचला होता, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांना न्यायालयात हजर करणं भाग पडलं. ओळखीचा चेहरा गुपचूप नाहीसा करता येत नाही, याच भरवशावर आपण हे काम करतो. परंतु आपल्या नियमाचा दुसरा अर्धा भागही तुला पाठ असेल: चेहरा दाखवायचा, ठिकाण नाही. त्या लपून राहिल्या होत्या ती खोली सोमवारी फिल्म प्रसिद्ध होताच बुधवारी सापडली कशी, हे तुझ्या चार पानांत कुठेच नाही.

नाही कसं, आहे. शेवटच्या पानावर, ताजा कलम म्हणून. ‘चिमणीला काढून टाकलं. पत्ता मला आणि तिलाच ठाऊक होता. तुझंही मत तसंच पडलं.’

माझं मत! तू फोनवर विचारलंस, “ताई, चिमणीनेच तोंड उघडलं असेल ना?” मी “हं” म्हटलं. एका हुंकारावर तू एका मुलीला फितूर ठरवलंस? तीन वर्षं खांद्यावर कॅमेरा घेऊन तुझ्यामागे धावली ती. तिला एक प्रश्नसुद्धा विचारावासा वाटला नाही तुला?

मंगळवारी मी तुरुंगात नर्सबाईंना भेटून आले. जाळीपलीकडे त्या बारीक दिसल्या, जीभ मात्र शाबूत आहे. मी विचारलं, “कसं सापडलं हो त्यांना?”

“तुम्हाला नाही माहीत?” त्या म्हणाल्या. “साहेब दारात मोबाइलवर आपली फिल्म लावून उभा होता. मला म्हणतो, थांबा जरा. मागच्या शाळेची घंटा झाली, तशी हसला. ‘फुटकी घंटा या शहरात एकाच शाळेची आहे, बाई. शोधायला दोन दिवस लागले.’”

बाईच पुढे म्हणाल्या, “इथेही घंटा आहे, पण चांगली सुरात वाजते. तुम्हाला काही आवडायची नाही.”

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

आता ते लिहिते, ज्यासाठी हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहिलं.

चित्रीकरणाचे तुकडे माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्यासोबत चिमणीच्या हातची चिठ्ठी होती: ‘खिडकीमागे शाळेची घंटा ऐकू येते. काढावी.’ तूही फोनवर तेच बजावलंस. मी घंटा काढून पाहिली. ‘मी खोटं लिहिणार नाही,’ या नर्सबाईंच्या वाक्यानंतर नुसती पोकळी उरत होती. घंटेसह ते वाक्य काळजात उतरत होतं. चिमणीने मला शिकवावं, हे मला सोसलं नाही. मी घंटा ठेवली आणि तुला सांगितलं, “काढली.”

खोटं लिहायला नकार देणाऱ्या बाईवरची फिल्म मी खोटं बोलून पुरी केली. फिल्म प्रसिद्ध झाल्यावर तूही ती कान देऊन ऐकली नाहीस. टाळ्या ऐकत बसलास. त्याचा राग आहेच. पण तुझ्या चुकीआड माझी लपवण्याइतकी मी अजून घसरलेली नाही.

हे पत्र शनिवारच्या बैठकीत सर्वांसमोर मोठ्याने वाच. चिमणीची चिठ्ठी सोबत जोडली आहे, तीही वाच. सत्कार रद्द कर. चिमणीच्या घरी मी आज संध्याकाळी जाते आहे. तिने दार लावून घेतलं तर उद्या पुन्हा जाईन.

रुग्णवाहिकेच्या चालकावरच्या नव्या फिल्मचे तुकडे कपाटात बंद आहेत. तोही लपून आहे, त्यालाही बायकामुलं आहेत. चिमणी परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसेपर्यंत मी त्या तुकड्यांना हात लावणार नाही. ती म्हणेल तिथे कापीन, मग वाक्य लंगडं पडलं तरी बेहत्तर.

नर्सबाईंच्या फिल्मची घंटा काढलेली प्रत सोबत आहे. आता तिचा उपयोग नाही. तरी एकदा ऐक. त्या वाक्यानंतर काहीच ऐकू येत नाही. ते तसंच असायला हवं होतं.

जिने घंटा ठेवली ती,
तुझी ताई