उशीला घातलेला स्वेटर

प्रिय ठमे,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. थंडी मात्र कडाक्याची पडलीय. सकाळी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत मी आणि तुझी आई, पहिला चहा कोणी करायचा यावर भांडतो. हरतो मीच. मग ऊन गॅलरीत आलं की रजया वाळत टाकायच्या, लोकरीचे कपडे झटकायचे. शिलाईचं दुकान आता दुपारनंतरच उघडतो.

एक गंमत सांगतो, हसू नकोस. मी विणायला शिकलोय. चाळीस वर्षं मशीन चालवली, पण या दोन सुयांनी नाकी नऊ आणले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तुझ्या आईला सध्या विणायची बंदी आहे, म्हणून ती खुर्चीत बसून हुकूम सोडते आणि मी टाके मोजतो. पिवळा, एवढासा स्वेटर आहे. दोनदा उसवला. आधी गळा अरुंद वाटला, मग बाह्या लांब वाटल्या. काल शेवटी उशीला घालून पाहिला, तर तुझी आई हसून हसून बेजार. म्हणाली, अहो, उशीला कुठे थंडी वाजते? हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा मी औषधाचे थेंब शोधायच्या निमित्ताने आत सटकलो.

तुझा फोन आला की मी रेडिओ बंद करून पेपरात डोकं घालतो. तुला वाटत असेल, बाबांना काही पडलेली नाही. अगं, शब्द न् शब्द ऐकतो. पहिला दात कधी आला, चालायला कधी लागली, सगळं ठाऊक आहे मला.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही. वर, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असंही म्हणालो. चुकलो, ठमे. रागाच्या भरात बोलून गेलो आणि नंतर माघार घ्यायची लाज वाटली.

माणूस समोर उभा राहिल्याशिवाय मी उभ्या जन्मात कापडाला कात्री लावली नाही. नातीचा स्वेटर तेवढा तिला न बघताच विणायला बसलो, तो कसा जमावा? तिला घेऊन ये. जावईबापूंनाही आण. गुडघे कुरकुरतात माझे, पण तिचं माप घ्यायला जमिनीवर बसेन. थंडी संपायच्या आत या.

तुझाच,
बाबा